आजा कसा बोलतं, करून दाखव

विशालची रात्रपाळी सुटली की रोह्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांचे आवाज उतरायचे. बाहेर ऊन चढत असायचं, खाली भाजीवाला ओरडत असायचा, पण घरात कुकरच्या शिट्ट्या आधीच उरकलेल्या असायच्या, दारावरची बेल बंद केलेली असायची आणि बादलीसुद्धा उचलून ठेवली जायची, सरकवली जायची नाही. विशाल धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. आठवडाभर रात्रपाळी असली की तो सकाळी येऊन, चार घास खाऊन आतल्या खोलीत झोपायचा. दाराच्या फटीत चादर खोचलेली असायची.

"पप्पा झोपलेत," हे ध्रुवला यायला लागलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, असं त्याची आई प्रतिक्षा कौतुकाने सांगायची.

ध्रुव आता पाच वर्षांचा झाला होता. बालवाडीतून आला की त्याच्या हातात मोबाइल दिला जायचा. पूर्वी मोबाइलचा आवाज बारीक ठेवायचे, पण बारीक आवाजानेही विशालची झोप मोडायची. मग प्रतिक्षाने, ती ज्या कापडाच्या दुकानात कामाला होती त्याच्या शेजारच्या दुकानातून, कानाला घट्ट बसणारा निळा हेडफोन आणला. घर शांत झालं. आणि त्याच दिवसापासून पोराच्या कानात दिवसभर काय जातं, हे घरातल्या कोणालाच ऐकू येईनासं झालं. त्याच्या तोंडून बाहेर पडायचं तेवढंच कळायचं.

बाहेर बरंच काही पडत होतं. "ए मोटी, खाना ला." "हट निकम्मे." खालच्या वॉचमनला, "ए काले भूत." पहिल्यांदा प्रतिक्षा दचकली, मग तिला हसू आलं. एवढुसं पोर, आणि हात कमरेवर ठेवून थेट टीव्हीतल्यासारखं बोलतं. वॉचमनही हसला. त्याच्याकडे दुसरा पर्याय होता असं नाही.

शब्दाचा अर्थ मूल पुस्तकातून काढत नाही. शब्द तोंडातून गेल्यावर समोरच्यांचे चेहरे काय करतात, ते बघून त्याला अर्थ कळतो. ध्रुवला कळलेला अर्थ एवढाच होता, की या शब्दांनी माणसं खूश होतात.

दिवाळीनंतर त्या घरात आणखी दोन माणसं आली. विशालचे आईवडील, काशीबाई आणि काळुराम. पेणच्या खाडीकाठच्या गावात काळुरामने सारा जन्म मिठागरावर काढला होता. भरतीच्या वेळी उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर उभा राहून त्याने हाक मारली, की पार पलीकडच्या बांधावरची माणसं फावडी टाकून पळत यायची. तो आवाज अर्धांगाच्या एका झटक्यात गेला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. हात-पाय थोडे परत आले. जीभ मात्र जड राहिली. पाणी म्हणायला गेला तर "पा... पा..." करत अडकायचा, आणि शब्द सुटलाच तर ओला होऊन सुटायचा.

पेणला ईरा नावाची वाचा-उपचार करणारी तरुण मुलगी होती. विशालने त्यांना तिच्याकडे नेलं, तेव्हा तिने कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं होतं. "हा भाग गेला तो गेला. पण शेजारचा भाग त्याचं काम शिकतो. फक्त त्याला वापरावं लागतं. रोज, मोठ्याने बोलायचं. कुजबुजायचं नाही. आणि आत्ताचे महिने महत्त्वाचे, नंतर शिकणं मंदावतं." मग तिने विचारलं, "घरात लहान मूल आहे? मग तर उत्तमच. दोघांनी एकत्र बोलायचं. तोही शिकतोय, हेही शिकतायत."

काशीबाईला हे पटलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "ऐकला ना? आता तुमी आन् तुमचा नातू, एकाच वर्गात."

काळुराम अर्ध्या तोंडाने हसला.

सुरुवात बरी झाली. विशालची सकाळची पाळी असायची त्या आठवड्यात काशीबाई एकेक वस्तू समोर धरायची आणि काळुराम तिचं नाव घ्यायचा. मीठ. वाटी. सुरी. मीठ सगळ्यात आधी जमलं. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र पंचाईत व्हायची.

"बाबा, हळू," प्रतिक्षा दाराकडे बघत म्हणायची. "हे उठतील."

काळुराम आवाज खाली घ्यायचा. कुजबुजताना त्याची जीभ जास्तच अडखळायची.

अशाच एका सकाळी तो "पा... पा..." करत असताना ध्रुवने एका कानावरचा हेडफोन वर केला. थोडा वेळ निरखून बघितलं. मग तोंड उजवीकडे खाली ओढलं, जीभ जाड केली आणि म्हणाला, "पा-पा-पाप्पा... ए तोतले, ठीक से बोल."

नक्कल इतकी हुबेहूब होती, की प्रतिक्षाला हसू आवरेना. नवरा झोपलेला, म्हणून तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि खांदे हलवत हसत राहिली. दाबलेलं हसू जास्त वेळ टिकतं. ध्रुवने ते पूर्ण संपेपर्यंत पाहिलं.

संध्याकाळी तिने विशालला सांगितलं. विशाल चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "काय बोलला? परत बोल रं."

ध्रुव परत बोलला. विशाल हसला. नंतर त्यालाच बरं वाटलं नसावं, कारण त्याने बापाकडे बघितलं. बापाच्या तोंडाची डावी बाजू वर गेलेली दिसली. "बाबांना पन गंमत वाटली," तो म्हणाला, आणि निवांत झाला.

तोंडाची एकच बाजू ज्याच्या ताब्यात आहे, त्याचं हसणं आणि ओठ आवळणं बाहेरून सारखंच दिसतं. हे काशीबाईला माहीत होतं, कारण ती रोज ते तोंड पुसत होती.

काही दिवसांनी काळुरामचा धाकटा भाऊ हिरामण गावाहून भेटायला आला. पिशवीत सुके बोंबील, ध्रुवसाठी चॉकलेट. थोडं बोलणं झालं आणि बोलणं संपल्यावर आजारी माणसासमोर काय करावं ते त्याला सुचेना. मग विशालने सांगितलं, की ध्रुव आजाची नक्कल भारी करतो.

"व्हय? दाखव रं. आजा कसा बोलतं, करून दाखव."

ध्रुवने केलं. हिरामण गुडघ्यावर थाप मारून हसला. "आरं, दादाच हाय थेट." त्याने मोबाइल काढला. "परत एकदा. हां, इकडं बघून." पोराच्या हातावर चॉकलेट ठेवून तो व्हिडिओ त्याने तिथेच बसून भावकीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. कोणीतरी लिहिलं, काळुदादाचा वारस.

"भावजी, बास झाला," काशीबाई म्हणाली.

"आगो वैनी, पोर हाय. दादालाच बघ ना, हसतंय."

काळुराम भिंतीकडे वळून बसला होता.

त्यानंतर जो येईल तो ध्रुवला तेच करून दाखवायला सांगू लागला. शेजारीण, प्रतिक्षाची निडीला राहणारी बहीण, गॅसवाला. ध्रुव नवीन नवीन भर घालायचा. "ए बुड्ढे, तेरी खोपडी में भूसा भरा है क्या?" आजाच्या डोक्यावर उशी मारायची आणि तो उजवीकडे कलंडला की टाळ्या. तो वाईट पोर नव्हता. रात्री आजाच्या लुळ्या हाताची बोटं उघडत-मिटत खेळायचा तो हाच. त्याला एका गोष्टीत यश मिळत होतं आणि कुठलंही मूल करील तेच तो करत होता.

आणि काळुरामने बोलणं सोडलं.

आधी वस्तूंची नावं सोडली. मग पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवू लागला. काशीबाई मिठाची वाटी समोर धरायची. "बोला. ह्यो तर येतंय तुमाला." तो वाटीकडे बघायचा, मग ध्रुवकडे बघायचा आणि मान हलवायचा.

ती त्याला घेऊन गच्चीवर जायला लागली. दोन मजले चढताना त्याचा पाय थरथरायचा. वर कोणी नसायचं, वाळत घातलेले कपडे आणि लांबवर कुंडलिका नदीचं पाणी. "हितं कोन नाय. ओरडा. उघाडीवर ओरडायचा तसा ओरडा."

त्याने श्वास घेतला. ओठ उघडले. "का..." तो म्हणाला. तिचंच नाव घ्यायला निघाला होता. "का... शी..."

"का-का-काली बुढिया," जिन्याच्या दारातून आवाज आला. ध्रुव पाठोपाठ वर आला होता आणि तोंड वाकडं करून, शाबासकीची वाट बघत उभा होता.

काळुरामने ओठ मिटले. पुन्हा उघडले नाहीत.

त्या दुपारी ध्रुव मोबाइल हातात धरूनच झोपी गेला. काशीबाईने त्याच्या कानावरचा हेडफोन हळूच काढला आणि स्वतःच्या कानाला लावला. चित्र चालूच होतं. एक जाडा मुलगा, एक काळा नोकर आणि एक थरथरणारा म्हातारा. जाड्याला मोटे म्हणत होते, नोकराला काले, म्हाताऱ्याला सगळे मिळून काय वाटेल ते. कोणीतरी म्हाताऱ्याच्या डोक्यात तवा हाणला. तो चपटा झाला, त्याच्याभोवती तारे फिरले, आणि पुढच्या क्षणी तो उठून उभा राहिला. प्रत्येक वेळी मागून पुष्कळ माणसांचं हसू येत होतं. ती माणसं कुठे दिसत नव्हती.

तिला हिंदी फारसं येत नव्हतं. पण हे शब्द तिला शिकायची गरज नव्हती. मिठागरावर परगावचा एक ठेकेदार होता, तो त्यांना याच शब्दांनी हाक मारायचा. ए काले. ए निकम्मे. त्याची माणसंही अशीच मागे उभी राहून हसायची. पायाला मिठाच्या भेगा पडलेल्या असताना, डोक्यावर टोपली असताना तिने ते ऐकलं होतं, आणि आपला विशाल हे ऐकणार नाही म्हणून त्याला आयटीआयला घातलं होतं.

विशाल उठला तसं तिने त्याला सांगितलं. "विशाल, ही भाषा आमी ऐकलेली हाय. ती तुज्या घरात आली."

"आये, कार्टून हाय ते. पोरांसाठीच काढतात. हिंदी तरी सुधरतंय त्याचा."

"तुज्या बापाचा बोलना बंद झाला त्याच्यामुले."

"बाबांचा आजारामुले झाला."

"आजाराना अर्धा नेला. उरलेला तुमी हसून घालवलात."

विशाल म्हणाला, "तू सांग, काय करू? हेडफोन काढला तर मी झोपू कसा? रात्री रिॲक्टरसमोर डोला लागला तर काय व्हयेल, माहीत हाय तुला? एक व्हॉल्व चुकला तर मी एकटा नाय जात." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तो खोटं बोलत नव्हता. "सुट्टीला बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काशीबाईने हेडफोन डाळीच्या डब्यात लपवला. ध्रुवने भोकाड पसरलं, विशाल दार उघडून ओरडला, आणि प्रतिक्षाने कामावर जायच्या घाईत डबे उघडून हेडफोन शोधून त्याच्या कानावर बसवला. "आई, तुम्हाला काय, तुम्ही दिवसभर घरी. मला उभ्याने राबायचंय." ती निघून गेली. घर पुन्हा शांत झालं.

शेवटी काशीबाईने एकटीने पेणला जायचं ठरवलं. काळुराम यायला तयार नव्हता. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, ध्रुवच्या कानावरचा हेडफोन उचलून सांगितलं, "आजाकडे बघ हां. काय लागला तर पप्पाला उठव." ध्रुवने पडद्यावरून नजर न काढता मान हलवली. ती गाडीत बसली. निडी, नागोठणे मागे पडली. पुढे काय बोलायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

ईराने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचा पेन थांबला. "मी त्यांना व्यायाम सांगितले," ती म्हणाली. "त्यांना हसू नका, एवढं घरच्यांना सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते सांगायची गरज नसते."

"आता सांग, बाय. काय करू मी?"

"त्यांना इकडे पाठवा. किंवा गावी न्या. कुठेही, जिथे त्यांचं चुकलेलं ऐकून घेणारं कोणी असेल. अजून वेळ गेलेली नाही, आजी. मेंदू अजून शिकू शकतो."

अजून वेळ गेलेली नाही, एवढं काशीबाईने पदरात बांधून घेतलं आणि ती स्टेशनकडे निघाली.

त्याच सुमाराला रोह्यात, बाहेरच्या खोलीत, काळुरामच्या डोळ्यांपुढे भिंत सरकल्यासारखी झाली. हे त्याने एकदा अनुभवलेलं होतं. काय होतंय ते त्याला कळलं. पलीकडे, बंद दाराआड, त्याचा तरणाताठा मुलगा होता.

त्याने तोंड उघडलं. कित्येक दिवस न वापरलेली जीभ उचलली. "धु... धु... रू..."

ध्रुवने वर बघितलं. आजा पुन्हा खेळायला लागला होता. त्याने हेडफोन गळ्यात सरकवला.

"प... पप्... उठ... ठव..."

"प-प-पप्पू उठ," ध्रुवने तोंड ओढलं आणि खिदळला. "फिर से बोल, बुड्ढे."

काळुरामने फिरून म्हटलं. सगळा जोर लावून म्हटलं. या वेळी शब्द आधीपेक्षा वाईट निघाला, आणि ध्रुवला तो आधीपेक्षा जास्त आवडला. काळुरामचा डावा हात दाराच्या दिशेने उठला, पेल्याला लागला, पेला खाली पडून खणखणत फिरला, आणि पाठोपाठ काळुराम खुर्चीवरून घसरला.

आतून विशालचा झोपेतला आवाज आला, "ध्रुव, आवाज नको."

ध्रुवने ओठांवर बोट ठेवलं. वाकून आजाच्या कानाशी म्हणाला, "श्श. पप्पा झोपलेत."

मग तो आजा उठायची वाट बघत बसला. पडलेला माणूस उठतो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. हा उठायला फार वेळ लावत होता. "उठ ना, ड्रामेबाज," त्याने पायाने हळूच ढोसलं. सांडलेलं पाणी आजाच्या सदऱ्याखाली गेलं. तरी उठत नाही म्हटल्यावर ध्रुवने हेडफोन पुन्हा कानावर चढवला.

काशीबाईने दार ढकललं तेव्हा ते दोघे तसेच होते, एक जमिनीवर, एक पडद्यासमोर. आतलं दार अजून बंद होतं.

काळुराम वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विशालला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते लांब नव्हतं. वेळेत आणलं असतं तर फरक पडला असता. आता ऐकू येईल, समजेल, पण बोलता येईल असं धरून चालू नका. विशालने विचारलं, "अजिबात नाय?" डॉक्टरांनी मान खाली घातली. विशाल अंगावरच्या झोपेच्या कपड्यांतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेभोवती सगळे जमले. हिरामण गावाहून आला. प्रतिक्षा पायाशी उभी राहून रडत होती. ध्रुवला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तोही आला होता. तो एकेकाचं तोंड बघत होता. सगळे रडत होते, आणि त्याला एक गोष्ट माहीत होती जिने ही माणसं नेहमी खूश होतात.

त्याने तोंड उजवीकडे ओढलं. "पा-पा-पाप्पा."

कोणी हसलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून तो खाटेच्या आणखी जवळ गेला. जीभ जाड केली, मान उजवीकडे टाकली. "प-प-पप्पू उठ, उठ-ठव..."

विशालला ते शब्द कळले. बापाने आपल्यासाठी काढलेली हाक त्याला पोराच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आली. त्याचा हात उठला.

काशीबाईने तो मनगटाशी धरला.

"त्याला नको हात लावू."

"आये, तुला कळतंय का, काय बोलतंय त्यो?"

"मना पयल्या दिवसापासून कळतंय. तुमाला आज कळला." तिचा आवाज चढला नव्हता. "ज्यानी टाल्या वाजवल्या, त्यानीच मारायचा? मग पोरानी शिकायचा तरी काय? हिरामणभावजी, तुमी भिंतीकडे का बघताव? तुमीच चॉकलेट दिला होता ना?"

हिरामणने तोंड फिरवलं नाही. त्याच्या खिशातला मोबाइल वाजला आणि त्याने तो वरूनच दाबून धरला. ग्रुपवर कोणीतरी काळुदादाची तब्येत विचारत असेल. त्याच ग्रुपवर, थोडं वर सरकवलं की, तो व्हिडिओ अजून होता.

"ठीक झाल्यावं मी यांना गावी नेनार हाय," काशीबाई म्हणाली. "आन् ह्याला पन. तुमी झोपा, शिफ्टी करा, मी अडवत नाय. पन ह्यो पोर आता माज्याकडे ऱ्हानार."

प्रतिक्षाने मान वर केली. "आई, त्याची शाळा..."

"ती पन बघू. आदी ह्याला बोलायला शिकवू."

तिने ध्रुवला जवळ घेऊन खाटेच्या कडेला उभं केलं. काळुरामचे डोळे उघडे होते. ते नातवावर आले आणि थांबले.

"आजाशी बोल," काशीबाई म्हणाली. "नक्कल नको. त्याला बरा वाटंल असा बोल."

ध्रुवने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पडलेल्या म्हाताऱ्याला म्हणायचे खूप शब्द त्याच्याकडे होते. पण त्यातला एकही आजीला हवा असलेला नव्हता, एवढं तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळत होतं. तो शोधत राहिला. जिथून त्याची भाषा आली होती, तिथे कोणी कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोललेलं त्याने ऐकलंच नव्हतं. त्याने आईकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं. एकेकाच्या ओठांकडे बघितलं, शब्द सांगतील म्हणून.

"दुखतंय का, इचार," काशीबाई म्हणाली.

"दुखतंय का?" ध्रुव म्हणाला. नवीन शब्द तोंडात धरावा तसा त्याने तो जपून धरला.

काळुरामच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं. ओठ हलले नाहीत.

ध्रुवने आजीकडे वळून बघितलं. "आजा बोलत नाही."

"नाय बोलनार," काशीबाई म्हणाली. "तरी इचारायचा. परत इचार."